एकदाच लिहिलेली नोंद : स्थानिक आरोग्य यंत्रणेच्या माहिती-व्यवस्थेचे आधुनिकीकरण

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सार्वजनिक आरोग्यसेवेचे सर्वांत जवळचे ठिकाण असलेले उपकेंद्र सपाट प्रदेशात साधारणपणे ५,००० आणि आदिवासी वा डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येसाठी असते, आणि जिल्ह्याच्या आरोग्याविषयीची बरीचशी माहिती तेथील आरोग्यसेविकेच्या, आरोग्यसेवकाच्या किंवा आशा कार्यकर्तीच्या हातून प्रथम कागदावर उतरते. ही माहिती पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी अशा पायऱ्यांनी राज्याकडे व केंद्राकडे जाते. मात्र ती एका वाटेने जात नाही. महिन्याभरात दिलेल्या सेवांचे आकडे ‘एचएमआयएस’ या आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत, गरोदर माता व बालके यांच्या नावनिशीवार नोंदी ‘आरसीएच’ पोर्टलवर, क्षयरुग्ण ‘निक्षय’वर, लसीकरण ‘यू-विन’वर, साथरोगांची माहिती ‘आयएचआयपी’वर, मधुमेह व रक्तदाबाच्या तपासण्या असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवर आणि औषधांचा साठा ‘ई-औषधी’त भरला जातो. यांतील बहुतेक प्रणाली एकेका कार्यक्रमाच्या गरजेतून, त्या कार्यक्रमाच्या निधीतून आणि त्याच्याच नमुन्यात उभ्या राहिल्या असल्यामुळे एकाच स्त्रीचे नाव, वय, गाव आणि मोबाइल क्रमांक एकाच सेविकेला अनेकदा लिहावा लागतो, आणि दर वेळी त्यात थोडा फरक पडण्याची शक्यता वाढत जाते.

अशा स्थितीत आधुनिकीकरणाचा अर्थ आणखी एक सॉफ्टवेअर विकत घेणे असा लावला गेला, तर सेविकेच्या कामात एका पडद्याची भर पडते आणि जिल्हा मुख्यालयात आलेखांनी भरलेला एक फलक उभा राहतो, पण गावात काही बदलत नाही. म्हणून जिल्हा परिषदेने किंवा महापालिकेने आपली माहिती-व्यवस्था किती सुधारली हे दोन कसोट्यांवर तपासावे : नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याचे लिखाण किती कमी झाले, आणि त्याने दिलेली माहिती त्याच्याकडे किती लवकर व किती उपयोगी रूपात परत आली. राष्ट्रीय पोर्टलांची रचना बदलणे स्थानिक संस्थेच्या हातात नसते. तरीही नोंदवह्या, गावांच्या याद्या, व्याख्या, आढावा बैठकांची रीत, कंत्राटांच्या अटी आणि आपल्या कर्मचाऱ्यांचा वेळ एवढे सगळे तिच्या हातात असते, आणि माहितीचा दर्जा प्रामुख्याने याच गोष्टींवर ठरतो.

नोंदवह्यांची मोजदाद

कोणत्याही निविदेच्या आधी एक महिनाभर करावयाचे काम म्हणजे अस्तित्वात असलेल्या नोंदींची मोजदाद. त्यासाठी सबंध जिल्हा पालथा घालण्याची गरज नसते. एक उपकेंद्र, एक प्राथमिक आरोग्य केंद्र, एक ग्रामीण रुग्णालय आणि शहरी भाग असल्यास एक नागरी दवाखाना निवडून तेथील प्रत्येक नोंदवही, तक्ता, टॅली शीट, एक्सेल फाइल आणि ऑनलाइन अर्ज समोर मांडावा, आणि त्यातील प्रत्येक रकान्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात : तो कोण भरतो, केव्हा भरतो, तो पुढे कोठे जातो आणि त्याच्या आधारे कोण कोणता निर्णय घेतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेक रकान्यांपुढे कोरे राहते, आणि या कामाचा खरा लाभ तोच असतो. एखादा तक्ता एखाद्या जुन्या मोहिमेसाठी सुरू झालेला असतो, मोहीम संपते, तो मागवणारा अधिकारी बदलतो, पण तक्ता चालूच राहतो, कारण तो बंद करण्याचा आदेश कोणीच काढलेला नसतो.

ही मोजदाद बाहेरच्या सल्लागाराकडे सोपवू नये. ती आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि माहिती भरणारा ऑपरेटर यांच्यासोबत, त्यांच्या कामाच्या वेळेत बसूनच व्हावी, कारण कोणता रकाना रुग्णासमोर भरला जातो आणि कोणता महिनाअखेरीस आठवून भरला जातो हे त्यांनाच ठाऊक असते. आठवून भरलेला रकाना संगणकावर नेल्याने अधिक खरा होत नाही, हे येथेच ध्यानात घेतले पाहिजे.

मोजदादीनंतर कात्री लावताना कायद्याने आवश्यक असलेल्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. जन्म-मृत्यू नोंदणी, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील नोंदी, वैद्यकीय-न्यायिक प्रकरणे आणि गर्भपाताची नोंदवही, जी नियमांनुसारच गुप्त दस्तऐवज मानली जाते, यांना हात लावता येत नाही. उरलेल्यांपैकी ज्या माहितीचा कोणी उपयोग करत नाही ती थांबवावी आणि जी दोन-तीन ठिकाणी लिहिली जाते तिचे एक मूळ ठिकाण ठरवावे. या ठिकाणाला मूळ नोंद म्हणता येईल : रुग्णाशी प्रत्यक्ष संबंध येतो त्या क्षणी, संबंध येणाऱ्या व्यक्तीनेच केलेली, आणि पुढील सर्व अहवाल जिच्यातून निघतात अशी एकमेव नोंद. गोषवारा म्हणजे अशा नोंदींची बेरीज. ती संगणकाने करावी. सेविकेने बोटांवर मोजून केलेल्या बेरजेवर जिल्ह्याचे नियोजन उभे राहू नये.

दोन पोर्टलांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा

आढावा बैठकांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो, तो असा की एचएमआयएसमधील प्रसूतींची संख्या आणि आरसीएचमधील संख्या वेगळी का. अनेकदा त्याचे उत्तर कर्मचाऱ्याची चूक असे गृहीत धरून नोटिसा निघतात, आणि मग पुढच्या महिन्यापासून आकडे जुळवून दिले जातात, म्हणजे दोन्ही ठिकाणी एकच संख्या लिहिली जाते. यात माहितीची हानी मोठी होते, कारण फरक बऱ्याचदा खरा असतो. ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झालेली एचएमआयएस मुख्यतः संस्थेचा हिशेब ठेवते : या रुग्णालयात या महिन्यात किती प्रसूती झाल्या. आरसीएच व्यक्तीचा माग ठेवते : या गावातील ही स्त्री नोंदणीपासून प्रसूतीपर्यंत आणि तिचे मूल लसीकरणापर्यंत कोठे पोहोचले. ग्रामीण रुग्णालयात शेजारच्या तालुक्यातील स्त्रिया बाळंत होत असतील, तर संस्थेचा आकडा तालुक्याच्या रहिवाशांच्या आकड्याहून मोठा असणारच, आणि रहिवाशांपैकी अनेक जणी खासगी रुग्णालयात जात असतील, तर तो लहान असणार.

यावरचा उपाय म्हणजे माहितीचा शब्दकोश, अर्थात प्रत्येक निर्देशांकाची व्याख्या, अंश, छेद, स्रोत आणि मोजणीचा आधार लिहिलेली एक छोटी पुस्तिका. अंश म्हणजे प्रत्यक्ष घडलेल्या घटना, छेद म्हणजे ज्यांच्या बाबतीत त्या घडणे अपेक्षित होते त्यांची संख्या, आणि मोजणीचा आधार म्हणजे संस्था की रहिवास. स्थानिक पातळीवर छेद हाच सर्वांत कच्चा दुवा असतो. समजा, एका उपकेंद्राची लोकसंख्या ५,००० आणि जन्मदर हजारी १५ धरला, तर वर्षाला ७५ जिवंत जन्म आणि गर्भपात वा मृतजन्मांसाठी दहा टक्के जादा धरून सुमारे ८२ गरोदर माता अपेक्षित ठरतात. परंतु ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेली असेल आणि गावालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली असेल, तर नोंदणी १३० टक्के दिसते. उलट ज्या गावातील तरुण कुटुंबे शहरात गेली आहेत तेथील सेविका कितीही फिरली तरी ७० टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि दोष मात्र तिच्या माथी येतो. आशा कार्यकर्तींनी केलेल्या घरोघरच्या पाहणीतून मिळालेली प्रत्यक्ष संख्या अंदाजित संख्येशेजारी ठेवली, तर अशा गावांविषयी निदान खरे बोलता येते.

मृत्यूंच्या बाबतीतही अशी पडताळणी उपयोगी पडते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार घटनेची खबर २१ दिवसांत देणे आवश्यक आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली, ही नोंदणी डिजिटल स्वरूपात होणे अपेक्षित आहे. निबंधकाकडील बालमृत्यू व मातामृत्यू आणि आरोग्य विभागाकडील अहवाल दरमहा नावनिशीवार ताडून पाहिल्यास एकीकडे असलेले आणि दुसरीकडे नसलेले मृत्यू हाती लागतात. त्यासाठी कोणतीही नवी प्रणाली लागत नाही, दोन कार्यालयांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे लागते.

गाव, वस्ती आणि संस्था यांचे क्रमांक

संगणकाला नावे ओळखता येत नाहीत, क्रमांक ओळखता येतात, ही गोष्ट महाराष्ट्रात विशेष महत्त्वाची ठरते, कारण येथे वडगाव, पिंपळगाव, पिंपरी या नावांची गावे जवळजवळ प्रत्येक भागात आढळतात. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि गाव यांना स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे; आरोग्य संस्थांसाठी आयुष्मान भारत डिजिटल मिशनची आरोग्य सुविधा नोंदणी आहे. जिल्ह्याने आपल्या प्रत्येक यादीत, मग ती लसीकरणाची असो, पाणी नमुन्यांची असो वा डेंग्यूच्या रुग्णांची, हाच क्रमांक वापरण्याचा नियम केला, तर आज वेगवेगळ्या कपाटांत पडलेल्या याद्या एकमेकींशी जोडता येतात. नावे बदलतात, हद्दी बदलतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली, २०२१ मध्ये पुणे महापालिकेत २३ गावे आली. अशा प्रत्येक वेळी जुन्या वर्षांचे आकडे नव्या हद्दीशी ताडणे अवघड होते. गावपातळीचा क्रमांक टिकून असेल, तर जुना जिल्हा नव्या हद्दीत पुन्हा बांधता येतो. फक्त तालुक्याची बेरीज जपून ठेवली असेल, तर ते कधीच शक्य होत नाही.

वाडी, वस्ती, पाडा आणि तांडा यांना मात्र बहुधा स्वतंत्र क्रमांक नसतो, आणि आरोग्यसेवेपासून वंचित राहणारी कुटुंबे नेमकी तेथे राहतात. गावाचा आकडा ९० टक्के लसीकरण दाखवत असताना नदीपलीकडच्या पाड्यावरील एकाही बालकाला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस मिळालेला नसणे सहज संभवते. म्हणून जिल्ह्याने गावाच्या क्रमांकापुढे दोन अंक जोडून वस्तीचा उपक्रमांक ठरवावा, त्याची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या सहीने जाहीर करावी आणि वर्षातून एकदाच बदलावी. वीटभट्ट्या, बांधकामांवरील वसाहती आणि साखर कारखान्यांच्या परिसरातील कोप्या यांनाही तात्पुरता क्रमांक द्यावा.

पत्त्याची ही शिस्त साथीच्या वेळी किती मोलाची ठरते हे जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात दिसले. संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते असा गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या आजाराचे अनेक रुग्ण सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी या पट्ट्यातून एकाच काळात पुढे आले, आणि राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील तपासणीत काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू व नोरोव्हायरस सापडल्याने दूषित पाण्याकडे लक्ष गेले. रुग्ण वेगवेगळ्या रुग्णालयांत, महापालिकेच्या जुन्या हद्दीतील, नव्याने समाविष्ट गावांतील, पिंपरी-चिंचवडमधील आणि ग्रामीण भागातील असे विखुरलेले होते. अशा वेळी रुग्णांचे पत्ते, पाण्याचे स्रोत आणि नमुन्यांचे निकाल एकाच नकाशावर ठेवता येणे हीच तपासाची पहिली पायरी असते. रुग्णालयाच्या केसपेपरवर पत्ता म्हणून केवळ ‘पुणे’ लिहिलेले असेल, तर ही पायरी प्रत्येक कुटुंबाला फोन करून चढावी लागते.

ग्रामीण भागात पाण्याची माहिती आधीच मोठ्या प्रमाणात गोळा होते. जलसुरक्षक पाण्यात टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकल्यानंतर त्यातील क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी घेतो, नमुने प्रयोगशाळेत जातात, ग्रामपंचायतींना लाल, पिवळे व हिरवे कार्ड मिळते. पण ही माहिती एका फायलीत आणि अतिसाराचे रुग्ण दुसऱ्या फायलीत राहिल्याने दोन्हींची गाठ साथ आल्यानंतरच पडते. गावाचा समान क्रमांक असेल, तर दर सोमवारी साध्या तक्त्यावरही दोन्ही शेजारी दिसू शकतात.

तीच व्यक्ती, दुसरे गाव

व्यक्तीची ओळख हा या सबंध विषयातील सर्वांत कठीण भाग आहे, आणि महाराष्ट्रातील दोन सामाजिक वास्तवे ती अधिक कठीण करतात. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत असल्यामुळे सासरच्या उपकेंद्रात नोंदलेली गरोदर स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात तेथील यादीतून नाहीशी होते आणि माहेरच्या उपकेंद्रात, बहुधा माहेरच्या नावाने, नवी म्हणून नोंदली जाते. सासरी ती ‘पाठपुरावा नाही’ ठरते, माहेरी ‘उशिरा नोंदणी’. दुसरे वास्तव ऊसतोडीचे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बाळाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस नेमके या काळात आले, तर कोणत्या गावाने ते द्यावयाचे हे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते.

१४ अंकी ‘आभा’ क्रमांकाचा उपयोग येथे होऊ शकतो. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये हा क्रमांक ऐच्छिक आहे, त्यामुळे तो नाही म्हणून कोणालाही सेवा नाकारता कामा नये, आणि तो नसलेल्यांची ओळख पटवण्याचा मार्गही व्यवस्थेत असला पाहिजे. आधार क्रमांक स्थानिक एक्सेल फायलींत साठवण्याची सवय तर तत्काळ बंद करावी. क्रमांक नसताना नाव, वडिलांचे व पतीचे नाव, जन्मवर्ष, गावाचा क्रमांक आणि मोबाइल यांची एकत्रित तुलना करून दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असण्याची शक्यता गुणांत मांडली जाते. या पद्धतीला नोंद-जुळवणी म्हणतात. तिचे नियम स्थानिक वास्तव जाणणाऱ्याने ठरवावे लागतात. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लिहिली गेलेली माणसे महाराष्ट्रात इतकी आहेत की त्या तारखेच्या जुळण्याला फारसे गुण देता येत नाहीत. मोबाइल क्रमांक पतीचा, दिराचा किंवा आशाताईचा असू शकतो. आणि रोमन लिपीत एकच नाव तीन प्रकारे लिहिले जाते. शिवाय जुन्या याद्या श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, आणाव्या लागतात. संशयास्पद जोड्यांवर अंतिम निर्णय यंत्राने घेऊ नये. ती यादी संबंधित सेविकेकडे जावी, कारण दोन सुनीता एक आहेत की जावा-जावा हे तिला विचारताक्षणी सांगता येते.

माहेर-सासर आणि ऊसतोड यांसाठी जिल्ह्याने एक साधी सोय आग्रहाने मागावी : स्थलांतराची नोंद करताच मूळ गावाच्या यादीतून नाव न पुसता ते ‘बाहेरगावी’ म्हणून राहावे आणि गंतव्य उपकेंद्राच्या यादीत ‘येणार’ म्हणून दिसावे. तोपर्यंत माता व बाल संरक्षण कार्ड हाच सर्वांत भरवशाचा दुवा आहे. कागदाचे असले तरी ते आईबरोबर प्रवास करते, म्हणून ते पूर्ण आणि वाचता येईल असे भरण्याकडे लक्ष देणे हेही आधुनिकीकरणाचेच काम समजावे.

साथरोग सर्वेक्षण

२००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाने तीन नमुने रूढ केले : आरोग्य कर्मचाऱ्याने लक्षणांवरून भरावयाचा ‘एस’, डॉक्टरांच्या संभाव्य निदानाचा ‘पी’ आणि प्रयोगशाळेने सिद्ध केलेल्या रुग्णांचा ‘एल’. हे अहवाल आठवड्याचे असत. ५ एप्रिल २०२१ पासून देशभर आलेल्या आयएचआयपी या एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर तीच माहिती रुग्णनिहाय, गावनिहाय आणि शक्यतो त्याच दिवशी भरणे अपेक्षित आहे. तंत्र बदलले तरी व्याख्यांची शिस्त पूर्वीइतकीच लागते. डेंग्यूत सुरुवातीच्या दिवसांत एनएस-१ एलायझा आणि साधारण पाचव्या दिवसानंतर आयजीएम एलायझा यांवर निश्चित निदान मानले जाते, तर खासगी दवाखान्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या झटपट चाचणीवरून आलेला रुग्ण संभाव्य गटात मोडतो. दोन्हींची सरमिसळ झाली की वर्तमानपत्रातील आकडा आणि पालिकेचा आकडा यांत तफावत पडते व पालिकेवर लपवाछपवीचा आरोप होतो. दोन्ही आकडे वेगळे, पण रोज आणि उघडपणे दिले, तर हा अविश्वास निर्माण होण्याचे कारण राहत नाही. धूरफवारणीसाठी तर संभाव्य रुग्णाचा पत्ताच पुरेसा असतो.

शून्य आणि कोरे यांतला भेदही येथे जीवनमरणाचा ठरतो. शून्य म्हणजे पाहिले आणि रुग्ण आढळला नाही. कोरे म्हणजे कोणी पाहिलेच नाही. कोऱ्या जागेला शून्य मानणारी प्रणाली सेविकेची जागा रिक्त असलेल्या उपकेंद्राला सर्वांत निरोगी ठरवते. प्रत्येक नकाशावर कोरे अहवाल वेगळ्या रंगाने दाखवले जावेत, आणि आढावा बैठकीत आधी त्यांचा विचार व्हावा.

फाइलींची देवाणघेवाण हातांनी होत असेल, तर हानी किती मोठी होऊ शकते याचे उदाहरण इंग्लंडमधील आहे. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील कोविडचे १५,८४१ रुग्ण राष्ट्रीय आकडेवारीत आले नाहीत, कारण प्रयोगशाळांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत घेतले जात होते आणि त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. रुग्णांना निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. यावरून घ्यावयाचा धडा असा की एका ठिकाणाहून दुसरीकडे माहिती पाठवताना पाठवलेल्या ओळींची संख्या आणि मिळालेल्या ओळींची संख्या दर वेळी ताडून पाहण्याची तरतूद असलीच पाहिजे. कितीही साध्या व्यवस्थेत ती करता येते. प्रणाली एकमेकींशी थेट बोलणार असतील, तर एफएचआयआर, स्नोमेड सीटी यांसारख्या ठरलेल्या मानकांचा आग्रह धरावा, आणि त्यासाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा.

माहिती परत जाणे

ज्या व्यवस्थेत माहिती केवळ वर जाते तिचा दर्जा हळूहळू खालावतो, कारण भरणाऱ्याला तिचा उपयोग कधी दिसत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच सेविकेच्या हातात काहीतरी परत द्यावे. सर्वांत उपयोगी म्हणजे वस्तीनिहाय ड्यू लिस्ट : येत्या लसीकरण सत्रासाठी कोणत्या बालकाचा कोणता डोस बाकी आहे, कोणत्या मातेची तपासणी राहिली आहे, कोणाचे हिमोग्लोबिन मागील वेळी सातच्या खाली होते. वैद्यकीय अधिकाऱ्याला चालू आठवड्यातील अतिसार व तापाचे रुग्ण मागील पाच वर्षांतील त्याच आठवड्याशी तुलना करून दिसले पाहिजेत, कारण जुलैतील ४० रुग्ण आणि फेब्रुवारीतील ४० रुग्ण यांचा अर्थ निराळा असतो. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीपुढे गावाचा एक पानी मराठी गोषवारा, नावे वगळून, ठेवावा.

आढावा बैठकीच्या रीतीवर येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. कमी आकड्याबद्दल भर सभेत उभे करून खडसावण्याची पद्धत जोवर चालू आहे, तोवर कोणतेही सॉफ्टवेअर खरी माहिती देऊ शकणार नाही. कर्मचारी आपले रक्षण करण्यासाठी आकडा सुधारतात, आणि एकदा सुधारलेला आकडा सगळ्या आलेखांत शिरतो. मातामृत्यू किंवा गोवरचा रुग्ण लवकर कळवणाऱ्या केंद्राची प्रशंसा व्हावी, आणि दोष शोधायचा तो उशिराने वा दडवून ठेवल्याबद्दल. दर्जाची तपासणी वेगळ्या मार्गाने करता येते : दरमहा प्रत्येक तालुक्यातील एका केंद्रात जाऊन दहा नोंदी यदृच्छया निवडाव्यात, पोर्टल, मूळ नोंद आणि आईकडचे कार्ड अशी तिन्हींची तुलना करावी आणि निष्कर्ष त्याच दिवशी त्याच केंद्राला सांगावा.

गोपनीयता

रुग्णांची नावे असलेल्या याद्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरवणे, माहिती कक्षातील भिंतीवर पासवर्ड चिकटवणे आणि एकाच खात्यावर पाच जणांनी काम करणे या सवयी सोयीतून आलेल्या आहेत, परंतु क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात किंवा मानसिक आजार यांची नोंद गावात फुटल्यास त्या माणसाचे काय होते हे सेविकेइतके कोणाला माहीत नसते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने या माहितीच्या गोपनीयतेचे बंधन घातले आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने एकूणच वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्यांवर जबाबदारी टाकली आहे. प्रत्येकाला स्वतंत्र खाते, कामापुरतीच माहिती दिसण्याची सोय, आणि कोणी कोणती नोंद केव्हा उघडली याची आपोआप राहणारी वापर-नोंद या तीन अटी कोणत्याही कंत्राटात वाटाघाटीला ठेवू नयेत.

खरेदी, करार आणि माणसे

बाहेरून सॉफ्टवेअर घ्यावयाचेच असेल, तर करारातील महत्त्वाची कलमे ते बंद करण्याविषयीची असतात. माहितीची मालकी संस्थेची राहील. मागणी करताच सर्व नोंदी खुल्या स्वरूपात, रकान्यांच्या व्याख्यांसह, विनाशुल्क मिळतील. कंत्राट संपल्यावर ठरावीक महिने जुनी प्रणाली वाचनासाठी चालू राहील. ही कलमे नसतील, तर पुढील निविदेच्या वेळी संस्था जुन्या पुरवठादाराच्या हातात सापडते. इंटरनेट नसताना नोंद घेऊन नंतर आपोआप पाठवण्याची सोय अक्कलकुवा, धडगाव, भामरागड यांसारख्या तालुक्यांत अपरिहार्य आहे, आणि तिची चाचणी मुख्यालयात न करता तेथेच व्हावी. पडदा मराठीत असावा, आणि तोही कर्मचारी वापरतात त्या मराठीत.

अंदाजपत्रकात टॅबलेटांच्या खरेदीला जागा मिळते आणि ते चालवणाऱ्या माणसांना मिळत नाही, ही चूक टाळता येण्यासारखी आहे. प्रत्येक जिल्ह्यात माहितीचा अर्थ लावणारा एक पूर्णवेळ विश्लेषक आणि प्रत्येक तालुक्यात फिरता मदतनीस हवा, आणि त्यांची पदे वर्षाच्या करारावर लटकती ठेवल्यास शिकलेली माणसे टिकत नाहीत. प्रशिक्षण एका सभागृहात एकदाच देण्यापेक्षा उपकेंद्रात, खऱ्या नोंदींवर, तीन वेळा थोडे थोडे द्यावे. दुरुस्ती, बॅटरी, डेटा पॅक आणि बदली यंत्रे यांचा खर्च पाच वर्षांसाठी आधीच धरावा.

अंमलबजावणी एका तालुक्यात, पूर्ण वर्षभर करून पाहावी, म्हणजे पावसाळ्यातील साथी, ऊसतोडीचे स्थलांतर आणि मार्चअखेरचे अहवाल या तिन्ही ताणांतून व्यवस्था जाते. या काळात कागद आणि संगणक समांतर चालवावे लागतात, आणि नेमकी हीच अवस्था कायमची होऊन बसण्याचा धोका असतो. म्हणून समांतर नोंदीची अंतिम तारीख सुरुवातीलाच ठरवावी, त्या तारखेआधी सलग तीन महिने पडताळणीतील तफावत मान्य मर्यादेत आहे का हे पाहावे, आणि तशी असल्यास जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने वा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याने कोणत्या नोंदवह्या आजपासून भरावयाच्या नाहीत हे नावानिशी सांगणारा लेखी आदेश काढून तो प्रत्येक उपकेंद्रापर्यंत आणि लेखापरीक्षण करणाऱ्या पथकापर्यंतही पोहोचवावा, कारण तो हाती नसेल, तर तपासणीच्या भीतीने सेविका जुनी वही पुढची अनेक वर्षे भरत राहते.